काळ्या देठाचा धोपा

जयपूरच्या झोटवाड्यात सुखदेव ढोकेच्या घरी जो पहिल्यांदा जाईल त्याला चहाच्या आधी घड्याळ पाजलं जायचं. बैठकीच्या भिंतीवर ते टांगलेलं. गोल, काचेला एक तडा, खाली बक्षीस देणाऱ्या रेल्वेची निळी अक्षरं आणि त्याखाली सुखदेवचं नाव. पाहुणा टेकला की सुखदेव घड्याळाकडे बघायचा, मुद्दाम बराच वेळ बघायचा, म्हणजे पाहुण्यालाही बघावं लागे. आणि त्यानं नुसतं "छान आहे हो" म्हटलं, की गेलाच तो बिचारा.

गोष्ट अशी. सुखदेव मूळचा हिंगणघाटाकडचा. रेल्वेत गँगमन लागला, बदल्या होत होत राजस्थानात फुलेऱ्याच्या लाइनीवर आला आणि तिथं कीमन झाला. कीमन म्हणजे रुळांची नाडी बघणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात पाना, आणि आपल्या वाट्याचा टप्पा रोज पायी चालायचा, सैल झालेलं काही दिसलं की ठोकून पुढं जायचं. तर एका ज्येष्ठात, वारासुद्धा भाजून निघावा अशा दुपारी, त्याला रुळाखालच्या खडीत ओल दिसली. ताटाएवढी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गाडीच्या डब्यातून सांडलं असेल. सुखदेव तिथं उकिडवा बसला, हात लावून पाहिला, आणि म्हणाला, ह्या मुलखात माणसाला प्यायला पाणी नाही, मग तू कुठून आली बाई? झालं. रुळावर इशाऱ्याचे फटाके बांधले, लाल झेंडी घेऊन पळत सुटला आणि भरलेली मालगाडी थांबवली. ड्रायव्हरनं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. मग साहेब आले, खणलं, तर भरावाच्या पोटात कुठलीशी जुनी पाइप फुटलेली आणि भराव आतून इतका पोकळ, की हात घातला तर खांद्यापर्यंत जावा. वरून मात्र फक्त ताटाएवढी ओल.

इथं सुखदेव थांबायचा. बोट वर करायचा. "ओल दिसली का आधी तिले इचारा, तू आली कुठून?"

आणि आतून रत्नमालाचा आवाज यायचा, "आलं का जी घड्याळ? मग आता चहा आणतो!"

रत्नमाला त्याची बायको. गोष्ट तिला इतकी पाठ, की सुखदेवनं एखादा शब्द गाळला तर ती आतूनच घालायची. ती हसली की अख्खी हसायची, खांदे, पदर, हातातला ट्रे, सगळं. नवऱ्याच्या गोष्टीची टर उडवायचा हक्क तिचा एकटीचा. दुसऱ्या कुणी उडवली तर त्याच्या चहात साखर कमी पडायची.

सुखदेव मुकादम होऊन निवृत्त झाला तेव्हा त्याच्या मनात हिंगणघाटला जायचं होतं. पण मुलगा संकल्प जयपुरात वाढलेला, बँकेत नोकरी, विद्याधर नगरात फ्लॅट. तो म्हणाला, "पप्पा, मतलब मम्मीला शुगर आहे, तिकडं गावात कोण बघणार? इथंच राहा ना." शेवटी झोटवाड्यात एक बैठं घर घेतलं. पुढं गल्ली, मागं एक चिंचोळी मोकळी पट्टी आणि पट्टीपलीकडं उंच भिंत.

साखरेनं रत्नमालाची मूत्रपिंडं थकायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं नाही, अर्धं काम चाललंय अजून, तेवढं सांभाळा म्हणजे पुष्कळ वर्षं जातील. पण तिचं खाणंच सुटलं. जी बाई कढईला चिकटलेलं पिठलं खरवडून खायची, ती दोन घास खाऊन ताट सरकवायला लागली. जयपूरच्या दुधीला चव नाही, टिंड्याला तर आकारच नाही, पालक मातीसारखा. मागच्या खोलीत खिडकीशी तिची खाट होती. तिथं पडून ती समोरची भिंत बघत राहायची.

एकदा म्हणाली, "हेच दिसन वाटते मले शेवटी. प्लास्टर नसलेली भिंत."

थट्टेतच म्हणाली. पण सुखदेवनं त्याच दिवशी फावडं काढलं.

पट्टी म्हणजे किती, एक खाट आडवी मावेल एवढी रुंद. सकाळचं कोवळं ऊन तिथं यायचं आणि मग शेजारच्या तिमजली घराची सावली बसायची, ती संध्याकाळपर्यंत उठायचीच नाही. सुखदेवनं आधी टमाटे लावले. ते उन्हाच्या शोधात बांबूसारखे वर गेले, टमाटा एक नाही. वांग्याला फूल आलं नाही. मिरचीनं तर पानंच गाळली. मग तो रोपवाल्याकडं गेला. रोपवाला म्हणाला, "बाबूजी, छाँव में तो मनी प्लांट लगाओ, ठाठ से चलेगा."

घरी येऊन सांगितलं तर रत्नमाला म्हणाली, "मनी प्लांटची भाजी होते का?"

"नाही होत."

"मग कायले? दिसाले चांगलं पाहिजे आन गंजातही गेलं पाहिजे." गंज म्हणजे त्यांच्याकडं पातेलं. "नुसतं दिसाले चांगलं तर तुमीही आहेच."

सुखदेवला भारी आवडलं ते. बाई चेष्टा करायला लागली म्हणजे सुधारतेय. त्यानं तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या खाटेवर, तिच्याच उशीवर डोकं ठेवून पडला. खिडकीतून नेमकं काय दिसतं ते बघायला. मग ठरवत गेला. खिडकीच्या अगदी खाली ओव्याची पानं, जाड, लव असलेली, कडेला नक्षी कापल्यासारखी; भजी करायला एकदम नामी, आणि वाऱ्यानं हललं की वास थेट उशीपर्यंत. त्याच्या पुढं पुदिना, कडेवरून खाली सांडेल असा. जरा जास्त ऊन होतं त्या कोपऱ्यात गवती चहाचं बेट. खिडकीच्या एका बाजूला जाळीवर मायाळू चढवायची, तिचे देठ जांभळे, फळंही काळी-जांभळी मण्यांसारखी, आणि पानांची भाजी गुळगुळीत. हे सगळं थोड्या उन्हावर भागवणारं.

आणि मधोमध, भिंतीला लागून, जिथं डोळा आधी जातो तिथं, धोपा.

धोपा म्हणजे अळू. विदर्भात त्याला धोपा म्हणतात. रोपवाल्याकडं होता एक, पण हिरव्या देठाचा, पान नुसतं हत्तीच्या कानाएवढं. शोभेचा, खाल्ला तर घशाला खाज. सुखदेवला पाहिजे होता काळ्या देठाचा, वडीचा. सावलीत त्याची पानं अशी काही गडद होतात, आणि पाणी पडलं की थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडं पळतो. जनार्दन म्हणून त्याचा जुना सोबती, रेल्वेतच गार्ड होता, आता झोटवाड्यातच राहायचा, तो वर्ध्याला लग्नाला चालला होता. त्याच्याकडून हिंगणघाटच्या मेव्हणीच्या परसातले गड्डे मागवले. जनार्दननं ते ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात आणले आणि म्हणाला, "अबे, पूर्ण प्रवासात बायको म्हणे, डब्यात काय आहे, कोणासाठी लाडू लपवले?"

आता धोप्याला पाणी लागतं. गावाकडं कुणी धोप्याला वेगळं पाणी घालत नाही. तो मोरीच्या तोंडाशी लावायचा, आंघोळीचं, भांड्यांचं पाणी तिथं जातं, त्यावर तो माजतो. ही रीतच. पण ह्या घराची मोरी पाइपातून परस्पर गटारात गेलेली. म्हणून सुखदेव भिंतीच्या कडेनं हात लावत लावत गेला, जसा रुळाच्या कडेनं जायचा. आणि मधोमध, भिंतीच्या बुडाशी, माती काळी, गार आणि ओली लागली. होळी उलटून गेलेली, जयपूरची माती तडकायला लागलेली, आणि इथं ओल.

तो इतका खूश झाला की धावत खिडकीशी आला. "रत्ना, फुकटची ओल आहे! धोप्यासाठीच ठेवली कोनी!"

भिंतीपलीकडं एक पत्र्याची शेड होती. तिचं तोंड दुसऱ्या गल्लीत. इकडं फक्त मोटरीचा आवाज यायचा. कीमन सुखदेवनं त्या ओलीला विचारलं असतं, तू आली कुठून. नवऱ्यानं नाही विचारलं. त्याची बायको जेवत नव्हती आणि त्याला ओल मिळाली होती.

धोपा आला, आणि कसा आला! काळे चकचकीत देठ, ढालीसारखी पानं. मायाळू जाळीवर चढली. खिडकीतून बघितलं तर भिंत दिसेनाशी झाली. शेजारच्या बायका गच्चीवरून वाकून बघायच्या, "अंकलजी, कौनसा पौधा है, बड़ा सुंदर है." सुखदेव त्यांना पान दाखवून सांगायचा की हे खातात. त्यांना पटायचं नाही. तिकडं ह्याचा कंद अरबी म्हणून खातात, पानाला कोण विचारतं.

पहिल्यांदा वड्या केल्या त्या दिवशी सुखदेवनंच केल्या. पानाच्या शिरा लाटून, चिंच-गुळाचं बेसन लावून, गुंडाळून उकडल्या. रत्नमाला खाटेवरून सूचना देत होती. "पातळ लावा जी, भिंतीले गिलावा नाही करून राहिले!" आणि मग तिनं खाल्ल्या. ताट पुढं केलं आणि म्हणाली, "अजून दोन द्या."

सुखदेव परातीवर झाकण ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच उभा राहिला थोडा वेळ.

मग तो नेमच झाला. वड्या, नाहीतर हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी. भिंतीच्या अगदी बुडाशी आलेली पानं सगळ्यात मोठी आणि कोवळी, ती तिच्यासाठी. स्वतः तो उरलंसुरलं खायचा. उन्हाळा गेला, थंडीत धोपा बसला, पुन्हा होळीनंतर दुप्पट जोरानं उठला.

मधे एकदा रत्नमाला म्हणाली, "चव थोडी कसरी लागते जी. जिभेखाली रुपया ठेवल्यासारखी."

"गोळ्यांनी तोंड गेलं तुझं. चिंच वाढवतो."

चिंच वाढवली. भिंतीकडं सरकलेला पुदिना काळा पडला, तेव्हा तो म्हणाला उन्हानं. ओव्याची त्या बाजूची पानं पिवळी झाली, तो म्हणाला पाणी जास्त झालं. धोप्याला मात्र काही म्हणजे काही होत नव्हतं.

रिपोर्ट बिघडत गेला. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, इतक्या लवकर एवढं उतरायला नको होतं. पालेभाजी, डाळ, सगळं मापून सांगितलं, आणि विचारलं, काही जडीबुटी, बाहेरचं काही खाता का? रत्नमाला ताठ बसून म्हणाली, "बाहर का कुछ नहीं डॉक्टर साहब. घर का. ये खुद लगाते हैं." आणि नवऱ्याकडं बोट दाखवलं. सुखदेवची छाती फुगली होती तेव्हा.

त्यानंतर वड्या कमी झाल्या, पण बंद नाही. ती दुसरं काही खातच नव्हती. संकल्प रविवारी यायचा आणि म्हणायचा, "मम्मी, दो पीस से क्या होता है, खा ले." कुणाला तिच्या ताटातला शेवटचा आनंद काढायचा नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, पलीकडची मोटर बंद पडली. शेडला टाळं असावं. आणि आठवड्याभरात धोप्याची पानं लोंबली. सुखदेवनं हात लावला. माती कोरडी. त्यानं बादलीनं पाणी घातलं, घालत राहिला. मग एका सकाळी मोटर पुन्हा घरघरली आणि संध्याकाळी भिंतीच्या बुडाशी माती काळी झाली.

सुखदेव उकिडवा बसून ती माती बघत राहिला. मग चपला घातल्या आणि गल्लीला वळसा घालून पलीकडं गेला.

शेडमध्ये पाण्याचे नळ, दारांच्या कड्या, बाथरूमचे दांडे यांना चकाकी चढवत होते. ओळीनं हौद. एकात हिरवं पाणी, एकात पिवळट. उघड्या हातांची माणसं तारेला लटकवलेले नळ एकातून काढून दुसऱ्यात बुडवत होती. वासानं डोळे चुरचुरले. धुतलेलं पाणी फरशीवरून एका चरात जात होतं, आणि चर मागच्या भिंतीकडं.

खुर्चीवर बसलेल्या माणसाला सुखदेवनं विचारलं, "ये पानी कहाँ जाता है?"

"पीछे सोख गड्ढा है बाबूजी. क्यों, आप कौन?"

"पीछे रहता हूँ."

तो माणूस जरा सरळ बसला. वाईट नव्हता, खरंच काळजीनं त्यानं विचारलं, "वहाँ कुछ खाने का तो नहीं लगाया न?"

सुखदेव शेडबाहेर पडला. परत येताना तो आपल्याच गल्लीच्या पुढं निघून गेला आणि मग माघारी वळला.

रत्नमाला खिडकीशी होती. तो खाटेच्या कडेवर बसला. "रत्ना, ओल कुठून येते ते पाहून आलो," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. हौद, हिरवं पाणी, चर, भिंतीशी पाणी जिरवायचा खड्डा. काही गाळलं नाही. गाळलं असतं तर तिला कळलंच असतं.

ती बाहेर धोप्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमीही खाल्लं."

"मी कमी खाल्लं."

"हो," ती म्हणाली. "मलेच वाढत होते ना तुमी."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी सुखदेवनं सगळं उपटलं. मायाळू, ओवा, पुदिना, गवती चहासुद्धा. धोप्याचे गड्डे खणून पोत्यात भरले. मग आठवलं, जनार्दनकडं आपण पानांच्या जुड्या दिल्या होत्या, कितीदा तरी, छाती काढून. तो तसाच मातीच्या हातांनी त्याच्याकडं गेला. जनार्दन ऐकून घेऊन डोकं खाजवत म्हणाला, "सुखदेव, राग नको मानू. आमच्या सुनेनं एकदाही नाही केला बे तुझा धोपा. ती म्हणे घसा खाजते. तू गेला का ती फेकून द्यायची."

अपमानानं माणसाला इतकं बरं वाटल्याचं दुसरं उदाहरण नसेल. सुखदेव त्यांच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं.

संकल्पनं तक्रार केली. तपासणीला माणसं आली, फोटो काढले. शेड काही महिन्यांनी दुसरीकडं गेली. आता तिथं बिस्किटांचं गोदाम आहे. डॉक्टरांना सुखदेवनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो सकता है. शुगर से भी हो सकता है. अब पक्का कौन कह सकता है." सुखदेवला वाटलं, कुणीतरी पक्कं म्हणावं. इकडं किंवा तिकडं. कुणी म्हणालं नाही.

आणि धोपा काही गेला नाही. धोप्याचा एक डोळा जरी मातीत राहिला तरी तो उठतो. पावसाळ्यात भिंतीशी काळा देठ वर आला, टोकाला गुंडाळलेलं पान. सुखदेवनं खणला. पुन्हा आला, पुन्हा खणला. गच्चीवरून बाई म्हणाली, "अंकलजी, इतना सुंदर पौधा क्यों निकाल रहे हो?" तो खणत राहिला.

खिडकीत पुन्हा भिंत आली. एक दिवस रत्नमाला म्हणाली, "मनी प्लांट लावा जी आता. कुंडीत. त्याची भाजी होत नाही ते बरंच आहे."

त्यानं दोन कुंड्या आणल्या. चांगल्या चालल्या, रोपवाला म्हणाला होता तशा.

त्यानंतर घड्याळाची गोष्ट बंद झाली. पाहुणे यायचे, बसायचे, घड्याळाकडं बघायचेसुद्धा, पण सुखदेव जमिनीकडं बघायचा. आतून चहाही वेळेवर यायचा, कारण आणणारी आता संकल्पची बायको असायची.

रत्नमालाला यंत्रावर न्यायला लागले. आठवड्यातून ठरल्या दिवशी तिचं रक्त नळीतून बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत घालायचं. शेजारच्या खाटेवर आमेरची एक बाई असायची, चुनरी डोक्यावर, तिचंही तेच. वेळ जात नसे. एकदा त्या बाईनं विचारलं, "भाईसाहब रेलवे में थे क्या?"

रत्नमालाचे डोळे मिटलेले होते. ती म्हणाली, "घड्याळाची गोष्ट सांगा जी हिले."

सुखदेवनं तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळे उघडले नाहीत. "सांगा न. किती दिवस झाले."

मग त्यानं सांगितली. मोडक्या हिंदीत. फुलेऱ्याची लाइन, जेठाचं ऊन, खडीत ताटाएवढी ओल. आमेरची बाई "हाँ जी, हाँ जी" करत होती. तो उकिडवा कसा बसला ते सांगितलं, हात कसा लावला ते सांगितलं. मग म्हणाला, "मैंने उससे पूछा..." आणि तिथं थांबला. बोट वर गेलं नाही. यंत्र चालू होतं, नळीतून रक्त फिरत होतं.

"क्या पूछा?" आमेरची बाई म्हणाली.

सुखदेव नळीकडं बघत राहिला.

"पूछा, तू कहाँ से आई," रत्नमाला डोळे मिटूनच म्हणाली. "फिर गाड़ी रोक दी इन्होंने. मालगाड़ी थी पूरी. नीचे सब खोखला था. रेलवे ने घड़ी दी, घर में लगी है."

"अरे वाह," आमेरची बाई म्हणाली. "फिर तो कितने लोग बच गए होंगे."

"हाँ बहन," रत्नमाला म्हणाली. "बहुत लोग बचे."

सुखदेवनं तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.